जेवणावळ उठल्यावर

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या भोवतालच्या माडिया आदिवासींच्या गावांत लग्नातली ताटं वर्षानुवर्षं रानातून आली. पळसाची किंवा माहुलाच्या वेलाची रुंद पानं तोडायची आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायची. सपाट जोडली की पत्रावळ, कडा वळवून टोचल्या की द्रोण. पाणी आणि पेज न्यायला वाळवून पोकळ केलेला भोपळा, म्हणजे तुंबा. पंगत उठली की पानं उकिरड्यावर जातात आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांची माती होते.

याला पर्यावरणप्रेम म्हणणं हे शहरी कौतुक झालं. दुकान लांब, पैसा कमी आणि पान दाराशी, असा साधा हिशेब त्यामागे होता.

समाजसेवक बाबा आमटे यांनी 1973 च्या डिसेंबरात इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा धड रस्ता नव्हता आणि पुढची कित्येक वर्षं वीजही नव्हती. आता आलापल्लीहून गाड्या येतात. पाहुण्यांबरोबर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटंही येतात. पर्लकोटा नदीला पूर आला की जवळच्या भामरागडचा संपर्क आजही तुटतो. अशा ठिकाणी आलेलं प्लॅस्टिक परत न्यायला कोण येणार?

कायदा तसा आहे. महाराष्ट्राने 2018 मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली; एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. मग यजमान कागदी पेले आणतो. त्यांच्या आतल्या बाजूला बहुधा प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो, आणि तो पेला उकिरड्यात वर्षभर तसाच पडून राहतो.

पत्रावळ मात्र नुसत्या पैशांनी जमत नाही, तिला हात लागतात. गावातल्या लग्नात ते मिळतात, कारण आदल्या दिवशी जमलेली माणसं गप्पा मारता मारता पानं टाचतात. पुण्या-नागपुरात पाहुणा थेट जेवायच्या वेळी येतो आणि ताट टाकून निघतो. तिथे पळस शोधत फिरण्यात अर्थ नाही. तिथली वाट वेगळी, पण तीही जुनीच: कोकणात, देशावर पूर्वी देवळाची किंवा गावकीची तांब्या-पितळेची भांडी लग्नकार्याला नेत आणि घासून परत करत. आज मंडपवाल्याकडे स्टीलची ताटं भाड्याने मिळतातच. ती धुवायला कोण थांबणार, एवढं आमंत्रणं करतानाच ठरवून टाकायचं.