जग

अण्णांची एक कॅसेट आहे, 2001 सालची. हात थरथरायला लागल्यावर पत्राऐवजी त्यांनी ती पाठवली होती. मी तेव्हा हैदराबादला एम.ए. करत होते; राहावं की घरी परतावं, ठरत नव्हतं. शेवटी ते म्हणतात, "माझं राहू दे. तू जग बघ."

की "तू जग, बघ"? पहिल्यातला ज 'जीव'मधला, दुसऱ्यातला 'जवळ'मधला. आपली लिपी हा फरक दाखवत नाही, आणि कॅसेटवर नेमकी तिथे घरघर आहे. मराठी न वाचणाऱ्या लेकीसाठी मी हे हिंदीत आणतेय. 'दुनिया देख' लिहू की 'तू जी, देख'? मी परत गेले नव्हते. त्यामुळे मला पहिलंच हवं होतं. त्यात परवानगी आहे.

कॅसेट संगणकावर घेतली आणि 'प्रात' या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. (डचमध्ये प्रात म्हणजे 'बोल'. आज्ञार्थच.) संगणक आवाजाचा छोटा तुकडा कापतो आणि त्यात कुठल्या कंप्रता किती आहेत ते मोजतो. त्या तुकड्याची लांबी म्हणजे विंडो. तंबोऱ्याच्या दोन तारांत 5 हर्ट्झचा फरक असेल तर आवाजाचा डोल सेकंदाला 5 वेळा येतो. एक अख्खा डोल ऐकायला 200 मिलिसेकंद थांबावंच लागतं. संगणकालाही यातून सूट नाही.

म्हणून विंडो 200 मिलिसेकंदांची केली, तर विजेची घरघर 50 आणि 100 हर्ट्झवर रेघांसारखी स्वच्छ दिसली. अण्णा मात्र फिसकटले. त्यांचा ज शंभर मिलिसेकंदही टिकत नाही. मागचापुढचा स्वर त्यात मिसळला. 5 मिलिसेकंदांवर ज कुठे सुरू होतो ते कळलं, कंठाचा एकेक ठोका उभ्या रेघेसारखा दिसला. पण आता 200 हर्ट्झच्या आतलं काही वेगळं होईना, घरघर आवाजात विरली. कितीतरी रात्री मी हा आकडा मागेपुढे करत बसले.

25 मिलिसेकंदांवर ज-चं घर्षण बरंच वर, 'जवळ'च्या बाजूला दिसतं. टेपची खरखरही तिथेच वर असते, हे खरं.

आईला ऐकवलं. "अगं, जग बघ म्हणाले ते," ती लगेच म्हणाली. तिचा ज 'जीव'मधला होता.

लेकीच्या वहीत मी 'तू जी, देख' लिहिलंय. पेन्सिलीनं.