मामांचा चित्ता

कोल्हापूरच्या माणसाला सहल ठरवायला सांगा. तो आधी जेवणाचं ठरवतो आणि मग गावाचं. त्यामुळे आमच्या थोरल्या मामांनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी "औंदा आफ्रिकेला जायचं," असं जाहीर केलं, तेव्हा मामींचा पहिला प्रश्न होता, "तिथं मटण कसलं मिळतंय?"

"मटण आपल्याला न्हवं, चित्त्याला लागतंय," मामा म्हणाले.

हा चित्ता आमच्या घराण्यात कसा शिरला ते सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडचे चित्ते दुर्मिळ झाले, पण काळविटावर चित्ता सोडण्याचा संस्थानिकांचा शौक काही दुर्मिळ झाला नाही. मग कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी थेट आफ्रिकेहून चित्ते मागवले. १९३०च्या दशकात आमचे आजोबा दरबारच्या चाकरीत होते. चाकरी मोठ्या मर्दुमकीची होती असं समजू नका. चित्त्यांना रोज किती मटण लागलं, ते वहीत मांडून ठेवायचं, एवढंच काम. आजोबांनी चित्ता पाहिला तो गळ्यात पट्टा आणि डोळ्यांवर टोपी घातलेला. ती टोपी माळावर, काळवीट टप्प्यात आलं की काढत. पण तिथवर कारकुनाला कोण नेतो? ज्याच्या पळण्याची एवढी ख्याती, तो पळतो कसा, हे आजोबांना शेवटपर्यंत दिसलं नाही. ते बघायचं मामांनी मनावर घेतलं होतं.

झालं! दर रविवारी मामांकडे सभा भरू लागली. पहिल्याच सभेत आमच्या मावसभावानं काटकसरीची सूचना मांडली, "आफ्रिकेला कशाला? १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणलेत. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. रेल्वेनं जाऊन येऊ!"

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "पयल्यांदा आपणच आणले, आता बी आपणच आणले. दर खेपेला त्यानंच यायचं व्हय रं? एकदा आपण त्याच्या घरी जाऊया की."

सूचना बारगळली. केनियातलं मसाई मारा मुक्रर झालं.

मग महिन्याचा घोळ सुरू झाला. पोराटोरांना जुलै ते ऑक्टोबर हवा होता, कारण तेव्हा लाखो वाइल्डबीस्ट सेरेंगेटीतून येतात आणि मारा नदीत मगरींच्या जबड्यांतून पलीकडे जातात. "मगरी बघायला सांगली हाय की," मामा म्हणाले. शिवाय २०२४च्या जुलैपासून परदेशी पाहुण्याला माराच्या फाटकात दिवसाला जुलै ते डिसेंबर दोनशे डॉलर पडतात आणि जानेवारी ते जून शंभर. चित्ता तिथे बारमाही असतो, मार्च ते मे मोठा पाऊस; तेव्हा कोरडा आणि निम्म्या दराचा फेब्रुवारी ठरला. आजोबांची हिशेबी नजर मामांकडे आलेली आहे.

कपड्यांचा प्रश्न मामांच्या लेखी सुटलेलाच होता. १९८२ साली कुणाच्याशा लग्नात शिवलेला त्यांचा सफारी सूट अजून ट्रंकेत आहे. 'सफारी' म्हणजे स्वाहिलीत प्रवास, आणि मूळ अरबी, आपल्या 'सफर'चंच सख्खं भावंड, हे कळल्यावर तर त्यांना तो सूट राष्ट्रीय पोशाख वाटू लागला. पण निघाला गडद निळा! तिकडच्या त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग भारी आवडतो म्हणे. सूट पुन्हा ट्रंकेत गेला.

मामींना वेगळाच धक्का बसला. चिवडा, लाडू, कांदा-लसूण चटणी यांच्यासाठी त्यांनी वर्षभर पिशव्या जमवल्या होत्या. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी! "मग चटणी काय मुठीत धरून नेऊ?" त्या म्हणाल्या. शेवटी तिकडे चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात हे समजल्यावर त्या निवळल्या.

गुडघ्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं. पण माराच्या रानात जीपमधून खाली उतरायची मनाई असते. "मग तर ह्यांच्यासाठीच काढलंय ते रान," मामी म्हणाल्या. "हे घरी तरी खुर्चीवरनं कुठं उतरतात?"

हसण्यावारी गेलं ते इतकंच. पुढे अडलं ते पीतज्वराच्या लशीशी. गंमत अशी, की भारतातून थेट केनियाला जायला ती लागत नाही. परत यायला लागते! दाखला नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आणि साठीच्या पुढे त्या लशीचा त्रास होण्याचा धोका जास्त. डॉक्टरांनी मामांचे कागद दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि "मी देणार नाही," म्हणून सांगितलं.

त्या रविवारी सभेत कुणी बोलेना. मामी उगाच चहात साखर ढवळत बसल्या. मावसभाऊ हळूच म्हणाला, "कुनो…"

"सहा दिवस न्हवं?" मामा म्हणाले. "बाबांच्या वहीतले चित्ते टोपी घालून जन्मभर बसले. मला सहा दिवस बसवत न्हाई व्हय? जेवण देतात न्हवं तिथं?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मामींनीच डोळे पुसत विचारलं, "चटणी चालती का तिथं?"

तिकिटं निघाली आहेत. मामांनी आजोबांसारखीच लाल कापडी बांधणीची एक वही आणली आहे आणि पहिल्या पानावर रकाने आखून आतापासूनच लिहून ठेवलं आहे : चित्ता – नग एक. टोपी – नाही. मटण – त्याचं तो बघेल.