सावंतवाडीचं मुठेल

मैत्रिणींनो, टाचा फुटल्या की तुम्ही काय लावता? यंदा हिवाळ्यात लेकीला घेऊन सावंतवाडीला मावशीकडे गेले आणि मागच्या पडवीतच औषध मिळालं. वाळवलेल्या कोकमाच्या बिया फोडून गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तरंगतं ते तेल. गार होऊन घट्ट झालं की मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून ते मुठेल!

माझी लेक शाळेत जात नाही, घरीच शिकते. "मग हिला येतं काय?" हे मी दर लग्नकार्यात ऐकते. पहिल्या दिवशी तिने जाळ वाढवला, गर तळाला लागला. "चेडवा, घाई कित्याक?" मावशी एवढंच म्हणाली. मीही गप्प बसले, पण खरं सांगू? पोटात गोळाच आला होता. दुसऱ्या दिवशी तिने मंदाग्नीवर केलं, गाळलं आणि विचारलं, "खोबरेल दुपारी पातळ होतं, हे का नाही?" खोबरेल २४ अंशांच्या सुमारास वितळतं, मुठेलाला ४० च्या आसपास ऊब लागते.

संध्याकाळी मोती तलावाकाठच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा पाहिल्या. १२० गोल पानं! घरी येऊन तिने जुन्या लुगड्याच्या चकत्या चिंचोक्याच्या खळीने चिकटवून डब्यांना झाकणं केली.

आमच्या वन्संनी त्यातले दोन डबे मागून नेले. प्रश्न मात्र जाताना पुन्हा विचारलाच.