धुरावर आलेले फूल

नगर जिल्ह्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याला दुष्काळ आठवतो, फार तर साखर कारखाने. थंडी कोणाला आठवत नाही. मराठी कवितेनेही पावसाचे जेवढे लाड पुरवले, तेवढे थंडीच्या वाट्याला आलेले मला दिसत नाहीत. आणि तरीही पारनेरच्या पठारावर पौषातल्या पहाटे जो वारा सुटतो, तो एकदा अंगावर घेतलेला माणूस पुढे जन्मभर गोधडीला पाय लावताना विचार करतो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. वारा जुनाच आहे.

अशा कोरड्या, गार मुलखात मी गच्चीवर ब्रोमेलियाड वाढवतो, हे माझ्या आईला अजून पटलेले नाही. या कुळातला आपल्या ओळखीचा एकच नातेवाईक म्हणजे पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला अननस. बाकीचे सारे गोत अमेरिका खंडातले. एक चुकार जात तेवढी पश्चिम आफ्रिकेत सापडते. यातल्या पुष्कळ झाडांची मुळे झाडाच्या खोडाला धरून बसण्यापुरती असतात. पाणी प्यायचे ते पानांनी. पानांच्या बुडाशी पेला तयार होतो आणि त्यात साठलेले पाणी पानांवरचे सूक्ष्म खवले शोषून घेतात. आमच्या बोअरच्या पाण्याने त्या पेल्यात क्षारांची पांढरी वर्तुळे उमटतात, म्हणून पावसाचे पाणी पिंपात भरून ठेवावे लागते. पारा दहाच्या खाली उतरू लागला की मी कुंड्या कलत्या करून पेले रिकामे करतो आणि त्यांना जिन्याच्या भिंतीशी ओढतो. दिवसभर तापलेली ती भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब देत राहते. आई म्हणते, बेंबीत पाणी घेऊन थंडीत उभे राहणारे झाड प्रथमच पाहते आहे.

ऊब कशी राखायची, हे मी तिच्याच सासूकडून शिकलो. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची बदली प्रवरेच्या कालव्याकाठी झाली तेव्हा मी शाळेत जाऊ लागलो होतो. तिथे सरपणाला तोटा नव्हता. उसाचे पाचट भडकन पेटे आणि तितक्याच लगेच विझे. ते केवळ पोरांच्या हौसेचे. तुराट्या थोडा वेळ टिकत. गोवरी रुसल्यासारखी धुमसत राही. बाभळीचा ओंडका मात्र रात्र काढी. शेकोटीपुढे बसले की छाती भाजे आणि पाठ गारठे, म्हणून दर थोड्या वेळाने सगळी पोरे एकदम पाठमोरी होत. निजायला जुन्या लुगड्यांची वाकळ असे. तिच्यावर घातलेली घोंगडी चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली, मानेला टोचणारी. तरीही तिच्याखालची झोप पुढे कोणत्याही रजईने दिली नाही. आजी रात्री चुलीतल्या विस्तवावर राख लोटी. पहाटे ती राख बाजूला करताना खाली लाल डोळा उघडे, तो क्षण पाहण्यासाठी मी थंडीतही उठत असे.

तोच विस्तव मागायला ऊसतोड कामगारांची एक मुलगी खापर घेऊन येई. पाथर्डीकडून आलेल्या त्या माणसांच्या कोप्या गावाबाहेर होत्या. कोपीही पाचटाची आणि शेकोटीही पाचटाची. जे पांघरायचे तेच जाळायचे. आजी खापरात निखारे घाली आणि वरून राख भुरभुरवी, वाऱ्याने ठिणगी उडू नये म्हणून. हंगाम संपला की रानात काळी वर्तुळे तेवढी उरत.

आता धुराविषयी. माझी एक्मिया फॅशियाटा तीन वर्षे नुसती पाने वाढवत होती: सुंदर, चंदेरी पट्ट्यांची, पण फुलाचे नाव नाही. अझोर्स बेटांवर काचघरांतल्या अननसांना धूर देऊन फुलवण्याची जुनी रीत आहे, असे वाचनात आले. धुरातल्या एथिलीन वायूने हे झाड फुलावर येते. पिकते सफरचंदही तोच वायू सोडते. झाडाबरोबर एखादे सफरचंद पिशवीत बांधून ठेवले तरी चालते. पण घरात धूर करायला निमित्त मिळाल्यावर सफरचंदाचा विचार कोण करणार? गेल्या वर्षी कार्तिकात चार संध्याकाळी मी घमेल्यात गोवरी धुमसत ठेवली आणि कुंडीसह तिच्यावर प्लॅस्टिकचा तंबू केला.

दुसऱ्या संध्याकाळी आई जिना चढून आली. तिने घमेल्यावर हात धरले. बराच वेळाने म्हणाली, “तुझा पाळणा असाच जाळला मी.”

पाळणा मामाच्या घरी दिला, असे आम्ही ऐकत आलो होतो. पण ती १९७२ च्या दुष्काळातली गोष्ट होती. आम्ही तेव्हा पठारावरच्या गावी होतो. जनावरे गेलेली, म्हणून शेणी नाहीत. शेतात काडी नाही. खडी फोडण्याच्या कामावरून बायका अंधारात परतत तेव्हा त्यांची बोटे मिटत नसत. आमच्या घरी पगार होता, ऊब मात्र नव्हती. एका रात्री तिने पाळणा मोडला आणि अंगणात पेटवला. “सात-आठ जणी होत्या. एक पायाच तेवढा राहिला.”

तो कातीव, गुळगुळीत पाया मला चांगला आठवतो. दाराला लावायचा अडणा म्हणून तो आमच्याबरोबर कालव्याकाठीही आला होता आणि क्रिकेटमध्ये मधला स्टंप म्हणून मी तो कित्येकदा मातीत ठोकला होता. वडिलांना पाळण्याचे ठाऊक होते का, असे मी विचारले. आईने गोवरी उलटी केली आणि धूर पुन्हा वर आला.

माघाच्या अखेरीस पेल्यातून गुलाबी तुरा वर आला, त्यात लहान निळी फुले. आई रोज पाहायला येऊ लागली. एकदा फुललेला हा झुबका पुन्हा फुलत नाही, हळूहळू वाळत जातो, हे मी तिला सांगितले तेव्हा ती चिडलीच.

“मग फुलवायची घाई काय होती तुला?”

केळीला मुनवे येतात तशी याच्याही बुडाशी पिले येतात, हे मी दाखवले. दोन होती. तिने चष्मा लावून ती मोजली आणि ‘यांना एवढ्यात धूर देऊ नकोस’ असे बजावून, कठड्याला धरत ती खाली उतरली.