पाच पेले आणि एक पूल

टॅरोच्या 78 पत्त्यांपैकी 14 पत्ते पेल्यांचे. हा सगळा गट जलतत्त्वाचा मानतात. माया, विरह, आठवण, आतली ओढ, मनात जे जे हलतं ते या पत्त्यांवर पाणी होऊन येतं. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते निघाले ते खेळण्यासाठी. भविष्य आणि तत्त्वांचे अर्थ त्यांना फार पुढे जोडले गेले. आज सगळ्यांत ओळखीची असलेली चित्रं 1909 सालची. आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली.

ते पत्ते मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात बसून पाहते, तेव्हा त्यातलं पाणी मला निव्वळ भावनेचं प्रतीक म्हणून वाचता येत नाही. इथे पाणी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन. पाणी म्हणजे सावकाराचं किंवा बँकेचं देणं फिटणं. मृग लागायच्या आधी पंचांगात नक्षत्राचं वाहन कोणतं ते बघतात. हत्ती, म्हैस, बेडूक निघाला तर पाऊस चांगला होईल म्हणून जिवाला बरं वाटतं. पेरणी करून पावसाने दडी मारली, की मात्र घराघरातलं बोलणं कमी होतं. पाऊस आणि मन ही दोन वेगळी खाती इथे नाहीतच.

पाण्याकडून भविष्य ऐकण्याची आपली स्वतःची रीतही आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. भोवती धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास मांडणीत काय बदललं ते पाहून कुठल्या महिन्यात कसा पाऊस, कुठलं पीक साधेल, हे सांगतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, आणि टॅरोलाही नाही. तरी माणसं तिथे पहाटे जमतात. येणाऱ्या वर्षाची धास्ती एकट्याने घरात बसून सोसण्यापेक्षा चारचौघांत उभं राहून ऐकणं त्यांना सोपं जातं, असं मला वाटतं.

त्याच सणाला आपल्याकडे घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात. शेतातली घागर येणाऱ्या पावसाची, घरातली गेलेल्या माणसांची. भीती, आशा, माया, आठवण हे सगळं पाण्याच्या भांड्याशी बोलायची सवय आपल्याला मुळातच आहे. म्हणून टॅरोचे पेले मला परके वाटत नाहीत.

त्यातला पाच पेल्यांचा पत्ता मला सोडत नाही. काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेले, मागे दोन शाबूत. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे घर. गेलं त्यावरच नजर ठेवू नकोस, उरलं तेही बघ, असा उपदेश या पत्त्यावरून सहसा करतात.

यवतमाळ जिल्ह्यात राहून तो उपदेश माझ्या गळी उतरत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचं नाव देशाला माहीत झालं, तिथे पीक गेलेल्या माणसाला ‘मागे वळून बघ’ म्हणणं फार सोपं आहे. पाठीमागचे पेले त्याला दिसत नाहीत, हा त्याच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. डोळ्यांपुढे सांडलेलं एवढं मोठं असतं की मान वळत नाही. चित्रात मला उणीव दिसते ती दुसऱ्या माणसाची, ते दोन पेले उचलून त्याच्या हाती देणाऱ्याची. आणि पूल तर कुणीच एकट्यासाठी, एकट्याने बांधत नाही.

टॅरोत संयमाचा एक पत्ता आहे. एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततो आहे. त्याचा एक पाय जमिनीवर, एक पाण्यात. तो पाहिला की मला आमच्याच तालुक्यातलं, खडकसावंग्याचं बेंबळा धरण आठवतं. नदीचं पाणी अडवून ते कालव्याने शेतांकडे न्यायचं, हेही ओतणंच आहे. त्यासाठी काही गावांनी आपल्या जमिनी आणि उंबरे सोडले. एकाचा पेला भरताना दुसऱ्याचा रिता होतो, याचं भान ठेवून ओतणं म्हणजे संयम.

मनातलं पाणीही असंच वाहतं करावं लागतं. पत्ते पुढचा पाऊस सांगू शकत नाहीत. पण गप्प बसलेल्या माणसाला ‘यात तुला काय दिसतं?’ असं विचारायचं निमित्त ते देतात. तो बोलू लागला तर पत्ता बाजूला ठेवावा आणि त्याच्याजवळ बसावं. पुढचं काम माणसांनी करायचं आहे.