मुलगी ॲडजस्टिंग आहे!

गेल्या महिन्यात आईने माझा बायोडेटा टाइप केला. उंची, रास, पॅकेज, सगळं जागच्या जागी. खाली एक ओळ : ‘स्वभाव – ॲडजस्टिंग’. मी म्हटलं, ‘‘आई, मी काय ऑफिसची खुर्ची आहे, खाली-वर करायला?’’ ती म्हणाली, ‘‘अगं, सगळेच लिहितात.’’

खरंय. मुलींच्या बायोडेटात ‘ॲडजस्टिंग आहे’ आणि मुलांच्या अपेक्षांत ‘ॲडजस्टिंग हवी’! गंमत म्हणजे त्याच आठवड्यात अप्रेझल झालं आणि बॉसने मला ‘ॲडॅप्टेबल’ म्हटलं. पुण्याहून बंगळुरूच्या टीममध्ये गेले, नवं सॉफ्टवेअर शिकले, त्याचं कौतुक. ते मात्र मला जाम आवडलं. मग ॲडजस्टिंगच का टोचलं?

डिक्शनरी काढली. ‘ॲडॅप्ट’चं मूळ लॅटिन. ‘ॲप्टस’ म्हणजे जुळणारा, योग्य. त्यातला ‘ॲडॅप्टिव्ह’ बहुतेक वेळा यंत्रणांना लागतो. पुढच्या गाडीचं अंतर बघून वेग कमी-जास्त करणारा ‘ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ असतो ना, तसा. माणसाला म्हणायचं ॲडॅप्टेबल, म्हणजे बदलत्या परिस्थितीत स्वतःला बदलू शकणारा. ‘शकणारा’ महत्त्वाचं! क्षमता माझी, ती कधी वापरायची हेही मीच ठरवणार. स्वभावाला ॲडजस्टिंग म्हणणं हा मात्र आपला देशी शोध. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी येते, ‘‘जरा ॲडजस्ट करा ना’’ म्हणते आणि आपण अंग चोरून बसतो. तिथे ठीक आहे, आपलं स्टेशन आलं की उतरायचं असतं. लग्नात कुठलं आलंय स्टेशन?

हे सगळं मोठ्या ऐटीत आईला ऐकवलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘तुझ्या बाबांच्या तीन बदल्या झाल्या. दोन शाळांतली नोकरी सोडली मी. तेव्हा कोणता शब्द हवा, असं कोणी विचारलं नव्हतं गं.’’

माझी बोलतीच बंद. मी शब्दांवरून जोक मारत होते आणि तिने तो शब्द तीस वर्षं निभावला होता.

रात्री बघते तर तिने ती ओळच उडवली होती. तिथे काय लिहायचं, यावर अजून चर्चा चालू आहे. मी ‘ॲडॅप्टेबल’वर अडून बसलेय. आई म्हणते, ‘‘स्थळाकडच्यांना कळणार नाही.’’

म्हटलं, ‘‘ज्याला कळेल, त्यालाच भेटू की!’’

तुमच्या बायोडेटात काय लिहिलंय? एकदा बघून घ्या.