दोन लिटर दूध घरासाठी

भगिनींनो, वैशाखात सुट्टी लागली की लेकी माहेरी येतात, नातवंडांनी घर भरते. गोठ्यात म्हशी असतात, बांधावर आंबा असतो, आणि तरीही भर दुपारी पोरांच्या हातात दुकानातून आणलेली रंगीत पाण्याची बाटली दिसते. दोन्ही वेळचे दूध किटल्या भरून डेअरीवर जाते, घरात राहते ते चहापुरते. दुधाचा पैसा येतो तो पेंडीला, औषधपाण्याला आणि त्यातलाच थोडा त्या बाटलीला जातो. आपले दूध विकून आपणच साखरेचे पाणी विकत घ्यायचे, हा हिशेब मला कधी पटला नाही. म्हणून मस्तानी आणि आइस्क्रीम सोडा घरच्या दुधात कसा करायचा, ते आज तुम्हांला सांगते.

तुम्ही म्हणाल, हे शहरातले लाड. पुण्याला गेल्यावर मस्तानी खावी, मुंबईच्या इराण्याकडे आइस्क्रीम सोडा प्यावा, आपल्याला खेड्यात ते कशाला? पण या पेयांत आहे काय? दूध, साखर, फळ, बर्फ आणि सोडा. यांतला बर्फ आणि सोडा सोडला तर बाकी सगळे आपल्याच दारचे. शहरवाले ते आपल्याकडूनच नेतात.

याचा जुना इतिहासही ऐकण्यासारखा आहे. पाण्यात वायू मिसळून सोडा कसा करायचा, ते जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1772 साली छापून प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत औषधांच्या दुकानांत सोड्याचे नळ बसले. लोक औषध घ्यायला येत आणि सरबत घातलेला सोडा पिऊन जात. 1874 साली फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट ग्रीन नावाच्या माणसाने त्या सोड्यात आइस्क्रीम घातले आणि आइस्क्रीम सोडा जन्मला, असे सांगतात. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा माणसांना चार घटका बसायला गुत्ते राहिले नाहीत, मग या सोड्याच्या दुकानांना चांगले दिवस आले.

आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्या बायकांच्या अभिमानाची. हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटचे अमेरिकेतील पेटंट 1843 साली नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, डब्यात लाकडी पाती आणि वर दांडा. आपल्याकडच्या पॉटची घडणही तीच. बर्फसुद्धा एके काळी तिकडूनच येई. 1833 साली बोस्टनहून निघालेले बर्फाचे जहाज कलकत्त्याला लागले होते. आणि आठवडे बाजारात आजही कुठे कुठे दिसणारी गोळी सोड्याची बाटली ही हायरम कॉड या इंग्रजाची 1872 सालची युक्ती. आतल्या वायूच्या जोराने काचेची गोळी वर दाबली जाते आणि तीच बुचाचे काम करते.

आमच्या घरी पॉट आला तो मामंजींमुळे. 1979 साली त्यांनी पुण्याहून आणला. पुढे 1986 साली घरात वाटण्या झाल्या. जमीन, विहिरीच्या पाण्याची पाळी, भांडीकुंडी, सगळ्याचे दोन वाटे झाले. पॉट एकच, तो धाकट्या जाऊबाईंकडे गेला. म्हशी आमच्या वाट्याला आल्या, त्यांच्याकडे बैलजोडी गेली. मग बांधावरून कुरबूर झाली आणि दोन वर्षे दोन्ही घरांत अबोला राहिला. पॉट त्यांच्या माळ्यावर, दूध आमच्या किटलीत, आणि दोन्ही घरची पोरे कोरडी.

शेवटी पोरांनीच मार्ग काढला. माझा थोरला जाऊन म्हणाला, "काकी, पॉट द्या. दूध आईनं ठेवलंय." खरे तर मी दूध ठेवले नव्हते. घरात दोन लिटरची गोष्ट काढली तेव्हा यजमान म्हणाले, "एवढ्यात एका वेळची पेंड येती." सासूबाई जात्यापाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हशीला पेंड लागती, तशी पोरांना साय लागती. ठेव गं दूध."

जाऊबाई स्वतः पॉट घेऊन आल्या. "पोरांच्या हातनं मोडंल, म्हणून आले ताई," एवढेच बोलल्या. आता पॉटचे असे आहे की तो एकट्याने होत नाही. एकाने बादली दाबून धरायची, दुसऱ्याने दांडा फिरवायचा, आणि हात भरून आले की जागा बदलायच्या. भाऊजींनी बादली धरली, यजमानांनी दांडा घेतला. पाऊण तास दोघे समोरासमोर बसले. बोलले ते बर्फाबद्दल आणि मिठाबद्दल. बांधाचा वाद काही आइस्क्रीमने मिटला नाही, तो मोजणी आणून मिटवावा लागला. पण मोजणीदार आला त्या दिवशी दोघे भाऊ एका सतरंजीवर बसले होते, आणि कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. तेव्हापासून वैशाखात दूध आमचे आणि पॉट त्यांचा, हे ठरूनच गेले आहे.

आता कृती सांगते. म्हशीचे दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवून सव्वा लिटर करावे. वर येणारी साय मोडून दुधातच घालावी. म्हशीच्या दुधाला स्निग्धांश पुष्कळ, त्यामुळे वेगळे क्रीम लागत नाही. पाव किलो साखर विरघळवावी. साखर याहून फार वाढवू नये, आइस्क्रीम धरत नाही. दूध पूर्ण गार झाले की चार आंब्यांचा गाळलेला रस घालावा. रायवळ आंबा आंबट असतो, त्याचा रस कोमट दुधात पडला तर दूध फाटते, म्हणून घाई नको. डबा दोन तृतीयांशच भरावा, कारण फिरवताना हवा मिसळते आणि आइस्क्रीम फुगते.

बर्फ सहा किलो आणि खडे मीठ दीड किलो घ्यावे. बर्फ गोणपाटात गुंडाळून फोडावा आणि डब्याभोवती एक थर बर्फ, वर मीठ, असे थर द्यावेत. मीठ कशाला, असे पोरे विचारतात. मिठामुळे बर्फ लवकर वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही. मिठाचे मिश्रण उणे वीस अंशांपर्यंत उतरू शकते. पाऊण तासाच्या आत-बाहेर दांडा जड होतो, मग थांबावे. झाकण उघडण्याआधी वरचे खारे पाणी पुसून घ्यावे. उरलेले खारे पाणी झाडाच्या आळ्यात ओतू नये, हे शेतकऱ्याच्या घरी वेगळे सांगायला नको.

आणखी एक जपावे. लादीचा बर्फ पॉटच्या बाहेर चालतो, पण पेल्यात टाकू नये. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. म्हणूनच 2018 साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम झाला.

मस्तानी करायची तर एका पेल्याला पाऊण कप गार दूध, अर्धा कप आंब्याचा रस आणि चमचाभर साखर घेऊन रवीने घुसळावे. वीज असो वा नसो, रवी आपली तयारच असते. त्यातच दोन चमचे आइस्क्रीम घालून पुन्हा घुसळले की दाटपणा येतो. उंच पेला पाऊण भरावा, वर आइस्क्रीमचा गोळा ठेवावा आणि काजूचे तुकडे घालावेत. सोबत लांब चमचा द्यावा.

आइस्क्रीम सोड्याला आंब्याऐवजी वेलची घातलेले साधे आइस्क्रीम बरे. आधी पाक करून ठेवावा. शंभर ग्रॅम आले किसून अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावे, गाळावे, अर्धा किलो साखर घालून पाच मिनिटे पुन्हा उकळावे. आले उकळलेलेच हवे. कच्च्या आल्याच्या रसाने दूध नासते, उकळल्यावर तो गुण जातो. गुलाबाचे किंवा वाळ्याचे सरबतही चालते. लिंबू आणि कोकम मात्र दुधाच्या वाटेला नेऊ नये, त्यांचा नुसता सोडा छान लागतो. खायचा सोडा आणि लिंबू मिसळून फेस आणण्याची युक्ती कुणी सांगितली तरी करू नये, चव खारट होते आणि दूधही फाटते. तालुक्याहून सोड्याची बाटली आणावी आणि ती खूप गार करावी.

पेल्यात दोन चमचे पाक आणि चमचाभर आइस्क्रीम आधी एकजीव करावे. पेला तिरका धरून सोडा कडेने हळू ओतावा, तो पाऊण पेल्यापर्यंतच. मग आइस्क्रीमचा गोळा अलगद सोडावा. सोड्यातला वायू आइस्क्रीमच्या बारीक बुडबुड्यांना आणि बर्फकणांना धरून सुटतो आणि दुधामुळे तो फेस टिकतो. म्हणून ताट खाली ठेवावे, पोरांच्या उत्साहात पेला उतू जातोच.

हे काही रोजचे खाणे नव्हे. साखर आहे, तेव्हा आठवड्यातून एकदा पुरे, आणि मधुमेह असणाऱ्या माणसांना बिनसाखरेचा आल्याचा अर्क सोड्यात घालून द्यावा. त्यांनाही मांडीला मांडी लावून बसता आले पाहिजे.

भगिनींनो, डेअरीचे माप चुकवू नका, त्यावर आपली चूल चालते. पण आठवड्यातून एका वेळचे दोन लिटर दूध घराच्या नावावर लिहा. धारा काढायला पहाटे जी माणसे उठतात, वैरण आणतात, शेण भरतात, त्यांचाही त्या दुधात वाटा आहे. पॉट शेजारी असेल तर मागून आणा, आणि ज्याचा पॉट असेल त्यालाही जेवायला बोलवा.